तिऱ्हाईताची नजर

आमच्या घरी चूल पेटली की हा माणूस खिशातून पितळेची नळी काढायचा आणि एक डोळा मिटून जाळाकडे बघत बसायचा. बरं, नुसतं बघून गप्प बसेल तर तो फिजिक्सचा प्राध्यापक कसला! "वहिनी, चिमूटभर मीठ टाका बरं जाळात." आमची मंडळी आधीच धुरानं वैतागलेली. ती म्हणायची, "भाऊजी, मीठ कालवनात टाकायचं असतंय." मग हा स्वतःच उठून बरणीत हात घालायचा आणि चिमूट जाळावर सोडायचा. जाळ पिवळाधमक व्हायचा आणि हा नळीतून बघत ओरडायचा, "आली! पिवळी आली!" पहिल्यांदा हे झालं तेव्हा शेजारची म्हातारी कोण आलं ते बघायला काठी टेकत दारापर्यंत आली होती. आली होती ती मिठातल्या सोडियमची रेषा. म्हातारीला काय सांगणार, कपाळ!

नेवासे तालुक्यातल्या एका नव्या कॉलेजात मी मराठी शिकवत होतो आणि तो फिजिक्स. एकाहत्तर-बाहत्तरचा तो सुमार. इमारतीला अजून गिलावा नव्हता, शिकणारी पोरं सोनई-घोडेगावकडची शेतकऱ्यांची, आणि शिकवणारे आम्ही सगळे तिशीच्या आत-बाहेरचे. त्याची खोली आमच्या घरामागं होती. एकटा जीव, जेवायला आमच्याकडंच. उंच, वाळका, ऐन मे महिन्यातही बिनबाह्यांचा स्वेटर घातलेला. सायकल चोरीला जाऊन सहा महिने झाले तरी पँटच्या पायाला सायकलची क्लिप लावायचा. मी विचारलं तर म्हणाला, "सवय मोडली की सायकल मिळाल्यावर पंचाईत होईल." सायकल काही मिळाली नाही, क्लिप मात्र शेवटपर्यंत होती.

त्याच्या तोंडात एक वाक्य कायमचं बसलेलं. कोणी काही बोललं की हा म्हणायचा, "वाटतं काय ते नको. दिसतं काय ते सांगा." स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, आज पाऊस येईलसं वाटतं, की हा खिडकीकडे बोट करून म्हणणार, "दिसतं काय?" प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पोरांना उत्तर काय येतंय ते ठाऊक असतं, मग ती निरीक्षणं मागून रचून लिहितात. हा तसला कागद हातात आला की टराटरा फाडायचा. पोरं त्याला घाबरायची आणि मागं नकलाही करायची. चांगला शिक्षक होता का? खरं सांगू, दिवसावर होतं. रंगात आला तर तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू यायची नाही. नाही तर फळ्याकडे तोंड करून पोरांना विसरून जायचा. प्रॅक्टिकलच्या वेळी पोरं सरकता मायक्रोस्कोप मागायची आणि तो कधीच जागेवर नसायचा, कारण हाच तो अडवून बसलेला. सगळ्या प्रयोगशाळेत असला मायक्रोस्कोप एकच. त्याचं कारण पुढं येतंच.

आता ग्रहणाची गंमत ऐका. तेव्हा आमची ही पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. हिवाळ्यातल्या एका सकाळी हा दारावरून जाताना सांगून गेला, "वहिनी, आज जेवायला येत नाही. संध्याकाळी ग्रहण आहे."

मी कॉलेजातून घरी आलो तर चूल थंड. विळी माळ्यावर टाकलेली, पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र, आणि आमची मंडळी भिंतीला पाठ न टेकता पाटावर ताठ बसलेली. शेजारच्या दोन गरत्या बायकाही आपापल्या चुली विझवून सोबतीला आलेल्या. मी म्हटलं, "अगं, पंचांगात कुठं ग्रहण आहे आज?"

"पंचांगात नसंल. भाऊजींनी सांगितलंय. शास्त्राचा मानूस हाय, उगं बोलंल व्हय?"

दिवेलागणीला तो आला. मी तुटूनच पडलो, "कसलं ग्रहण हो?"

"ताऱ्याचं," तो म्हणाला, इतक्या सहज की जसं काही ताऱ्यांची ग्रहणं गावात दर बाजारला होतात. त्यानं आम्हाला अंगणात नेलं. ईशान्येकडं एक तारा दाखवला. "परवा हा शेजारच्या त्याच्याइतका होता. आज बघा." आणि खरंच, तो तारा मलूल दिसत होता. माझ्यासारख्या मराठीच्या माणसालाही फरक कळत होता. हा तारा एक नसून दोन आहेत, तो सांगू लागला. एकमेकांभोवती फिरतात. मंद असलेला तेजस्वी ताऱ्यापुढं आला की उजेड घटतो. लांबून आपल्याला दोन्ही मिळून एकच ठिपका दिसतो.

आमची ही पदर सावरून म्हणाली, "ते असू द्या. आमच्या लेकराला काय व्हनार न्हाई ना त्यानं?"

"अहो वहिनी, हा उजेड तिथून निघाला तेव्हा तुमची आजी परकर नेसून फिरत असेल."

"म्हंजे होऊन गेलेलं गिऱ्हान? आन मी सकाळधरनं ताठ बसून कंबरंचा काटा ढिला करून घेतला!" त्या संध्याकाळी गल्लीत तीन घरी सकाळची शिळी भाकरी खाल्ली गेली. त्यालाही तीच वाढली. त्यानं ती चवीनं खाल्ली. काय खातोय ते त्याला कधी कळतच नसे.

पण जेवण झाल्यावर त्यानं आम्हाला जे करून दाखवलं ते मी विसरलो नाही. अंगणाच्या बुटक्या भिंतीवर कंदील ठेवला. मग हिचं सूप उचललं, त्याच्या पुढच्या अंगाला रॉकेलची चिमणी धरली आणि ते कंदिलाभोवती फिरवायला लागला. "माझं सूप जाळताल, भाऊजी!" ही ओरडत होती. हा म्हणाला, "सूप म्हणजे जोडीदार तारा. अंगानं थोराड, पण तेजानं मंद, या चिमणीएवढाच. कंदील जळत असताना चिमणीचा उजेड कोणाच्या लक्षात येतो? कोणाच्याच नाही. पण हे सूप कंदिलापुढं आलं, कंदील झाकला गेला, की बघा." आणि खरंच, कंदील सुपाआड गेला तशी ती बारकी चिमणी एकदम डोळ्यात भरली. "एवढीच वेळ. एवढ्या वेळातच तो स्वतःच्या उजेडात दिसतो."

नळीचं काय, तेही त्यानं सांगितलं. उजेड तिच्यातून फाकला की रंगांचा पट्टा होतो आणि पट्ट्यावर रेषा दिसतात. ज्या त्या धातूची ज्याची त्याची रेषा, ठरल्या जागी. पण तारा आपल्याकडं येत असला तर रेषा जांभळ्याकडं सरकतात, लांब जात असला तर तांबड्याकडं. नगर रस्त्यावरचा ट्रक हॉर्न वाजवत येताना वेगळा ऐकू येतो आणि पुढं गेल्यावर वेगळा, तसंच. एखाद्या ताऱ्याच्या रेषा अशा इकडून तिकडं झुलताना दिसल्या की समजावं, हा एकटा नाही. न दिसणारं कोणीतरी याला ओढतंय.

हेच शास्त्र तो माणसांनाही लावायचा. आमचे प्राचार्य एक दिवस साखरेसारखे गोड आणि दुसऱ्या दिवशी अंगावर धावून येणारे. हा म्हणाला, "प्राचार्य एकटे नाहीत. आत कोणीतरी ओढतंय त्यांना." स्टाफरूमनं आपापल्या मगदुराप्रमाणं तर्क केले, कोणी संस्थेच्या चेअरमनचं नाव घेतलं, कोणी सासूचं. महिन्याभरानं प्राचार्य नगरला जाऊन दाढ उपटून आले आणि कायमचे गोड झाले. त्यावर हा शांतपणे म्हणाला, "म्हटलं नव्हतं?"

एकाहत्तरच्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. नगर लष्करी गाव, त्यामुळं आमच्याकडंही ब्लॅकआउट. दिवे झाकायचा हुकूम निघाला आणि सगळं गाव भेदरलेलं असताना एकटा हाच खूश. असलं काळंकुट्ट आभाळ पुन्हा कधी मिळणार! जेवायच्या आधी रानात जाऊन नळी डोळ्याला लावून उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी पोलीस पाटलानं त्याला दंडाला धरून आमच्या ओट्यावर आणून उभा केला. "गुरुजी, ह्यो तुमचा का? इमानाला खुना करीत हुता."

"अहो पाटील, प्राध्यापक आहेत ते."

"त्ये म्हनले तसं. पन मी इचारलं, वर काय बगताय, तर म्हनले, जे दिसत न्हाई त्ये बगतोय. आता सांगा, मी काय समजायचं?"

पाटलांना चहा पाजून वाटेला लावलं. हा कोपऱ्यात बसून हसत होता. त्याला एवढं खळखळून हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

कारण त्याच्या खाटेखाली एक लाकडी पेटी होती. तिच्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक काचेवर एकाच ताऱ्याच्या उजेडाच्या पट्ट्याचा फोटो. तसल्याच जोडताऱ्याचा, पण दुर्बिणीशिवाय न दिसणाऱ्या. त्याला नावसुद्धा नव्हतं, नुसता नंबर. इकडं यायच्या आधी हा दक्षिणेत एका वेधशाळेत संशोधन करत होता आणि त्या काचा त्यानं तिथं स्वतः घेतल्या होत्या. उन्हाळ्यात पेटीवर ओलं पोतं टाकायचा. स्वतः मात्र पत्र्याखाली भाजून निघायचा. कॉलेजातला सरकता मायक्रोस्कोप अडवून बसायचा तो या काचांवरच्या रेषा मोजायला. काच नीट बसावी म्हणून नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून त्यानं पितळेची चौकट करून आणली होती. लेथवाला म्हणाला, "कुठल्या पंपाचा पार्ट हाय सायेब?" यानं अर्धा तास त्याला तारे समजावले. लेथवाल्यानं पैसे पंपाच्या पार्टचेच घेतले.

त्या वेधशाळेत त्याचे गुरू होते. त्यांच्याविषयी बोलताना तो 'सर' म्हणायचा आणि त्याचा आवाज कडू व्हायचा. झालं होतं असं. ग्रहण ऐन भरात असताना, तेजस्वी तारा झाकलेला असताना घेतलेल्या काचांवर त्याला एक अगदी पुसट रेषा दिसली होती. कॅल्शियमची. ("पानाला लावतो त्यो चुना?" आमची ही. "तोच वहिनी, तोच!") ती रेषा तेजस्वी ताऱ्याची नव्हती. म्हणजे ती लपलेल्या जोडीदाराची. तोवर त्या ताऱ्याचा जोडीदार कोणीही पाहिला नव्हता. हा धावत सरांकडं गेला. सरांनी भिंगातून पुष्कळ वेळ बघितलं.

"आणि म्हणाले, ‘हे तुला दिसतंय.’ तुला! म्हणजे मी खोटारडा. मनातलं काचेवर बघणारा. पाच वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, आणि हे ऐकायचं?" त्यानं त्याच आठवड्यात पेटी उचलली आणि तिथून निघाला. संशोधन सुटलं, डॉक्टरेट राहिली. ठरत आलेलं लग्नही फिसकटलं. बिननोकरीच्या ताऱ्यावाल्याला मुलगी कोण देणार? पडेल ती नोकरी धरत धरत तो आमच्या गावाला येऊन टेकला होता. त्याची एकच आशा होती. कधीतरी सगळी मोजमापं पुरी करायची, सरांपुढं ठेवायची आणि म्हणायचं, बघा.

बाहत्तरच्या दिवाळीआधी वेधशाळेचं पत्र आलं. सर गेले होते. त्यांचं कपाट आवरताना असं आढळलं की त्या काचा परत आलेल्या नाहीत. काचा वेधशाळेच्या मालकीच्या, तरी दिवाळीच्या सुट्टीअखेरपर्यंत त्या पोहोचत्या कराव्यात.

दोन दिवस तो कॉलेजात आला नाही. तिसऱ्या दिवशी हिनं मला हाकललं, "जावा, बघा जरा. मानूस अन्नाला शिवंना." मी गेलो. तो खाटेवर बसला होता, पेटी मांडीवर. म्हणाला, "संपलं हो. आता त्यांनी म्हटलं तेच कायम राहणार. हे तुला दिसतंय."

"पण दिसतंय ना? मग?"

"मला दिसतं. दर वेळी दिसतं. शंभरदा मोजलं तरी दिसेल." मग त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "पण मला दिसणारच ना! मी सगळं आयुष्य त्या रेषेवर लावलंय. नसली तरी दिसेल. खरी आहे की माझ्या मनाची आहे, हे मला आता कसं कळणार?"

मी बोललो काहीतरी. मराठी शिकवणाऱ्याकडं शब्दांना तोटा नसतो आणि त्यातला एकही उपयोगी पडत नाही.

त्याच आठवड्यात आमचे सासरे आले, त्यांना सगळे मामाच म्हणत. घोडेगावचा जनावरांचा बाजार म्हणजे या गृहस्थाचं माहेर. बैल घ्यायचा असो वा नसो, बाजार चुकायचा नाही. या खेपेला मात्र घ्यायचा होता. दुष्काळ पडलेला, पाण्यावाचून लोक दावणी मोकळ्या करत होते आणि चांगली जनावरं मातीमोल निघाली होती. मामांच्या विहिरीला थोडंफार पाणी होतं, आणि त्यांच्या एका बैलाला जोड हवी होती. हिनं फर्मान काढलं, "भाऊजींला घेऊन जावा बाजारला. खोलीत कुजत बसलाय बिचारा." त्याला जवळजवळ ओढतच नेला.

बाजारात धूळ, हंबरणं, रुमालाखाली बोटं धरून चाललेले सौदे. मामांनी लांबून एक खिलार बैल पाहिला. पांढराशुभ्र, शिंगं अशी की नजर लागावी. मामांचं तोंड क्षणभर लहान पोरासारखं झालं, आणि दुसऱ्या क्षणी त्यांनी बैलाकडं पाठ केली, चहाच्या पालाखाली जाऊन बसले. शेळ्या विकायला आलेला शेवगावकडचा एक अनोळखी माणूस तिथं चहा पीत होता. त्याला म्हणाले, "पाव्हनं, तेवढा त्यो पांढरा बैल बगून येता का? दात, खूर, चाल. काय असंल त्ये सांगा."

तो माणूसही अशा कामाला सरावलेला असावा. काही न विचारता उठला.

आमच्या फिजिक्सवाल्यानं विचारलं, "मामा, तुम्ही का नाही बघत? तुमच्याइतकं बैलातलं कोणाला कळतं?"

"मास्तर, माजं मन बसलं त्येच्यावर. आता माजं डोळं कामाचं न्हाईत. मन बसलेल्यानं दात बगू न्हाई." मामा बशीत चहा ओतत होते. "मला त्येची खोड दिसली तरी मी म्हनीन, चालतंय, सुधरंल. तिऱ्हाईत बरा. त्येला ना बैल घ्यायचा, ना इकायचा."

शेळीवाला परत आला. "दात चांगलं हायती. पन मागला उजवा पाय टेकला की लगीच उचलतोय. जुनं दुखनं असंल."

मामांनी चहा संपवला, धोतर झटकलं आणि निघाले. बैलाकडं वळूनही पाहिलं नाही. आमचा फिजिक्सवाला त्यांच्या मागं धावला, "मामा, लांबून बघताना तुम्हाला लंगडा वाटला नव्हता?"

"छ्या! मला तर घोड्यावानी चालताना दिसला."

हे ऐकून आमचा माणूस भर बाजारात शेणात पाय देऊन उभा राहिला. लोक धक्के मारून जात होते, याला शुद्ध नाही. परतीच्या एसटीत त्यानं माझा हात घट्ट धरला. "उद्यापासून प्रयोगशाळेत या. काचा तुम्ही बघायच्या."

"मी? अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"खरंच काही कळत नाही ना?"

"नाही म्हटलं ना!"

"उत्तम," तो म्हणाला. आयुष्यात माझ्या अज्ञानावर कोणी इतकं खूश झालेलं नव्हतं. रागवावं की हसावं ते मला कळेना.

दिवाळीची सुट्टी लागली होती. काचांच्या कडेला शाईनं तारीख-वेळ लिहिलेली असे. तेवढ्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकायचं काम हिच्याकडं दिलं. ज्या काचांवर रेषा असायला हवी त्या, आणि ज्यांवर असताच कामा नये अशा ग्रहणाबाहेरच्या, सगळ्या हिनं पिठाच्या खळीनं झाकल्या आणि एकमेकींत मिसळल्या. पोरगं काखेत, आणि तोंडानं चाललेलं, "तांदूळ निवडायचं सोडून काचा निवडाय लावल्या बाई!" कुठली काच कुठली ते आता कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं काळ्या कागदात बारीक फट कापली, तेवढाच तुकडा मला दिसेल अशी. "इथं काही दिसतं का, एवढंच. दिसलं तर उजवीकडं ठेवा, नाही तर डावीकडं. आणि सर," तो थांबला, "माझी दया करू नका."

एवढं बोलून तो बाहेर गेला आणि व्हरांड्याच्या पायरीवर, प्रयोगशाळेकडं पाठ करून बसला. अगदी मामांसारखा.

मी सुट्टीतले किती दिवस त्या मायक्रोस्कोपला डोळा लावला ते विचारू नका. करड्या धुरळ्यात बघायचं. दाण्यादाण्याची चांदी, ओरखडे, आणि बघता बघता सगळीकडंच रेषा दिसायला लागतात. मग डोळे मिटून बसायचं, पुन्हा बघायचं. कधी वाटायचं, आहे. कधी वाटायचं, माझ्याच पापणीचा केस आहे. आणि सारखं मनात यायचं, बाहेर पायरीवर एक माणूस बसलाय आणि त्याच्या आयुष्याचा निकाल या ढिगात चाललाय. माझा तो मित्र होता, मला तो जिंकायला हवा होता. पण कुठली काच उजवीकडं ठेवल्यानं तो जिंकतो, हेच मला ठाऊक नव्हतं. दया करायलाही वाव ठेवला नव्हता बेट्यानं. दिसलं ते उजवीकडं, न दिसलं ते डावीकडं, एवढंच हातात होतं.

शेवटी दोन ढीग झाले. मी त्याला हाक मारली. तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा इतका पांढरा होता की हिनं मुकाट्यानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला. मग ओल्या फडक्यानं ती एकेक पट्टी सोडवू लागली आणि तो तारखा वाचू लागला.

आधी डावा ढीग. ग्रहणाबाहेरची. ग्रहणाबाहेरची. पुन्हा ग्रहणाबाहेरची. एक काच मात्र भर ग्रहणातली निघाली. त्यानं ती उजेडाकडं धरली. "त्या वेळी ढग आले होते. ही काळवंडलेलीच आहे," एवढं म्हणून खाली ठेवली.

मग उजवा ढीग. पहिली भर ग्रहणातली. दुसरी भर ग्रहणातली. तो वाचत गेला आणि आवाज बारीक होत गेला. त्या ढिगात एकही परकी काच नव्हती. एकसुद्धा नाही.

"आहे!" मी ओरडलो. "अहो आहे ती! मला दिसली! जिंकलात तुम्ही!"

मला वाटलं, आता हा नाचेल. तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. आनंदाचं रडणं निराळं असतं, ते हे नव्हतं. ही घाबरली. "भाऊजी, चांगलं झालं ना? मंग?"

तांब्यातलं पाणी पिऊन तो बोलला. "त्यांनी मला खोटारडा म्हटलंच नव्हतं, वहिनी. ‘हे तुला दिसतंय’ म्हणाले, आणि पुढं म्हणाले, ‘दुसऱ्या कोणाला तरी दाखव आणि मग ये.’ एवढंच. मामांनी केलं तेच सांगत होते. मी पुढचं मनावर घेतलंच नाही. मला एकच शब्द ऐकू आला, तुला." त्यानं नाक पुसलं. "तिथल्या आचाऱ्याला जरी बसवला असता तरी एका सुट्टीत झालं असतं हो. एवढी वर्षं... आणि आता सांगू कोणाला? ते गेले."

मी आपला काचा आवरायला लागलो. आमची ही पोराला दुसऱ्या काखेत घेत म्हणाली, "त्येंच्या घरी कोन हाय?"

"बाई आहेत. त्यांच्या पत्नी."

"मंग त्येंना सांगा की."

"काय सांगू? माझं बरोबर होतं म्हणून?"

"तुमचं कशाला? त्येंचं बरोबर हुतं म्हनून सांगा. तुमचे मालक सांगत हुते त्ये बरोबर हुतं, मी ऐकलं न्हाई. बाईमानसाला बरं वाटंल ऐकून."

तो उठला आणि माझ्या हातातल्या काचा घेऊन स्वतः फडक्यात गुंडाळायला लागला.

काचा पार्सलानं धाडायच्या असताना तो स्वतः घेऊन गेला. एसटीत पेटी मांडीवर, वर स्वेटर पांघरलेला. निरोप द्यायला आम्ही तिघं फाट्यावर उभे होतो, पण त्याचं लक्ष नव्हतं. काय बोलायचं ते मनात घोकत असावा, ओठ हलत होते.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी तो परतला आणि खोलीवर न जाता सरळ आमच्या दारात आला. हातात पेटी नव्हती. ही भाकऱ्या थापत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "सांगितलं का बाईंला?"

"सांगितलं."

"काय म्हनल्या?"

तो चुलीपाशी पाटावर बसला. जाळ चांगला पेटला होता, पण त्यानं खिशाला हात लावला नाही.

"म्हणाल्या, इतके दिवस कुठं होतास रे? ते अधूनमधून विचारायचे, आला का तो, म्हणून."